सहावा छर्रा

३ जानेवारी, शनिवार. सकाळी ७
रोजनिशी सुरू. ही कुणी वाचायची नाही. कपाटाला कुलूप, किल्ली खिशात. बायको म्हणाली, कोण वाचणार आहे. म्हणजे मी लिहितोय हे तिला कळलंय. कसं कळलं, ते बघावं लागेल.

कारण, डॉक्टर. ब्लड प्रेशर. त्यांनी विचारलं काम काय करता. म्हटलं, पाणीखात्यात मीटर तपासनीस. लोक मीटरला लोहचुंबक लावतात, सील तोडतात, मीटर उलटा बसवतात, त्यांना मी पकडतो. सव्वीस वर्षं. डॉक्टर म्हणाले, असा एखादा छंद लावून घ्या की ज्यात कुणावर संशय घ्यावा लागणार नाही. मी विचारलं, असा छंद असतो का. ते बराच वेळ चिठ्ठीवर काहीतरी लिहीत राहिले. औषध एकच निघालं. मग एवढा वेळ काय लिहीत होते?

छंद ठरला. एअरगन. बंदूक, समोर एक वस्तू आणि मी. चौथं कुणी नाही.

४ जानेवारी, रविवार
बंदूक आली. गच्चीवर कठड्याला लागून पाच रिकामे डबे मांडले. वीस छर्रे. चार डबे पडले. पाचवा डबा बुडाशी जड होता, तो धरायचा नाही. थोडक्यात, नेम जन्मजात आहे. इतकी वर्षं उगाच वाया गेली.

५ जानेवारी, सोमवार
गच्चीवरची पाण्याची टाकी गळतेय. नवी टाकी. पाणी कुठेतरी मुरतंय, हे मी रोज म्हणतो, पण आज ते जिन्यावरून वाहत होतं. जाऊन पाहणी केली. भोक गोल, स्वच्छ. प्राथमिक निष्कर्ष, उंदीर. दुसरा निष्कर्ष, शेजारचे बँकवाले. त्यांना आमची टाकी पहिल्यापासून खुपते.

संध्याकाळी बायकोने हात पुढे केला. तळहातावर एक छर्रा. नळाच्या जाळीत अडकला होता. मी म्हटलं, तपास चालू आहे. मग मात्र ती बोलली. एकतर बंदूक घरातून जाईल, नाहीतर मी क्लबात.

११ जानेवारी, रविवार
क्लब. बंद पडलेल्या छापखान्याचं तळघर. भिंतींना अजून शाईचा वास. सहा लेन, दहा मीटर अंतर. कार्ड दोरीवर अडकवायचं, हँडल फिरवलं की ते पलीकडे सरकत जातं आणि तसंच परत येतं. शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. माणूस हळू बोलतो, हळू चालतो. असे लोक मी पाहिलेत.

मला लेन चार. पाचमध्ये एक बाई, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटर. पांढरे केस, पाठ ताठ. नमस्कार केला तर नुसतं "हं" म्हणाल्या.

मास्तर म्हणाले, डबे विसरा. डबा फक्त पडला की नाही एवढंच सांगतो. कार्ड सांगतं किती चुकलं आणि कुठल्या बाजूला. हे मला पटलं. आमच्या मीटरसारखंच. टर्निंग पॉइंट.

पहिलं कार्ड, पाच छर्रे. कार्डावर भोकं दोन. बाकीचे तीन कुठे, विचारलं. मास्तर म्हणाले, भिंतीत. मी जाऊन भिंत पाहिली. तिथे इतकी भोकं आहेत की काहीच सिद्ध करता येत नाही. ही सोय कुणी करून ठेवली असेल?

१८ जानेवारी, रविवार
सगळे छर्रे डावीकडे, खाली. पुन्हा पुन्हा तिथेच. चूक असती तर इकडेतिकडे झाली असती. इतकी शिस्तीत चूक होत नाही, ती केली जाते. म्हणजे कुणीतरी बंदुकीवरचा नेमाचा स्क्रू फिरवतंय.

बंदुका आठवडाभर क्लबच्या कपाटात असतात. किल्ल्या तीन. मास्तर, ऑपरेटर बाई, खजिनदार. खजिनदार महिनाभर गावाला गेलाय. म्हणजे तोच असणार. किंवा त्याने तसं भासवलंय.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, नाचता येईना, आणि पुढचं न बोलता आत गेली.

२१ जानेवारी, बुधवार
ऑफिसातून बाद झालेलं शिशाचं सील आणि तार आणली. जाता जाता क्लबात जाऊन, बाईंनी कपाट उघडून दिल्यावर, नेमाच्या स्क्रूला तार गुंडाळली, सील दाबलं, त्यावर माझा नंबर. आता कुणी बोट जरी लावलं तरी कळेल.

२५ जानेवारी, रविवार
सील शाबूत. छर्रे डावीकडे खालीच. म्हणजे माणूस कसलेला आहे.

मास्तरांनी डोळ्याला भिंग लावून सील पाहिलं. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, सुरक्षा. ते म्हणाले, काम सुबक आहे, पण आता खरंच स्क्रू फिरवायची वेळ आली तर कसा फिरवणार. या बाजूने मी विचार केला नव्हता. प्रश्न मुद्दाम विचारलेला दिसतो.

१ फेब्रुवारी, रविवार
आज ऑपरेटर बाई आपणहून बोलल्या. तीस वर्षं कानाला हेडफोन होता, म्हणाल्या. पलीकडचा माणूस आता ओरडणार, हे त्यांना त्याच्या श्वासावरून आधी कळायचं. म्हणाल्या, तुम्ही चाप ओढायच्या आधी श्वास असा आत घेता, की जणू वाईट बातमी ऐकायचीय.

शांतपणे बोलल्या. पण माझा श्वास त्या का ऐकतायत? स्वतःचा नेम सोडून? त्यांचं कार्ड पाहिलं. पाचही भोकं मधल्या काळ्या ठिपक्यात, पाकळ्यांसारखी. आमचं कार्ड म्हणजे किसणी. स्वतःचं इतकं चांगलं चाललेला माणूस दुसऱ्यात लक्ष घालतो तेव्हा सावध राहावं.

४ फेब्रुवारी, बुधवार
महत्त्वाची नोंद. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर बायको आणि मास्तर बोलताना दिसले. मी औषधाच्या दुकानाच्या पाटीमागे थांबलो. सात मिनिटं. शेवटी बायको हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून. अशी ती हसल्याचं मला आठवत नाही.

घरी सहज विचारलं, कुठे गेली होतीस. दोरा आणायला. कुठल्या रंगाचा. निळ्या. नंतर शिवणाचा डबा उघडून पाहिला. दोरा निळाच होता. म्हणजे सगळं ठरवून चाललंय.

८ फेब्रुवारी, रविवार
मास्तर म्हणाले, आज बंदूक मी भरून देतो, तुम्ही फक्त चाप ओढा. पहिला छर्रा, ठक. दुसऱ्या वेळी चाप ओढला, माझा खांदा उडाला, बंदूक डावीकडे खाली झुकली, आणि छर्रा काही गेला नाही. कार्ड कोरं.

मी म्हटलं, छर्रा चोरीला गेलाय. मास्तर म्हणाले, छर्रा नव्हताच. मी म्हटलं, तेच सांगतोय. मास्तर म्हणाले, मी घातलाच नव्हता. बंदुकीने काहीच केलं नाही, तरी तुम्ही उडालात. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही गोळी सुटताना डोळे मिटता. दोन्ही."

सगळं बाहेर आलं. हा संशय त्यांना पहिल्याच रविवारी आला होता. मला सांगितलं तर मी ऐकणार नाही म्हणून बायकोला विचारलं. ती म्हणाली, आमच्या घरी दार आपटायच्या आधीच यांचे डोळे मिटतात. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मिटलेले आहेत. त्यावरच ती हसत होती.

घरी आल्यावर जाब विचारला. ती भाजी निवडत म्हणाली, मांजर डोळे मिटून दूध पितं, तुम्ही डोळे मिटून नेम धरता, दोघांनाही वाटतं जगाला दिसत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार
लग्नाचा अल्बम तपासला. चौसष्ट फोटो. डोळे उघडे तीन फोटोंत. त्यातल्या दोन फोटोंत तो माझा भाऊ निघाला. इतकी वर्षं मी फोटोग्राफरला दोष देत होतो. त्याचीही चूक असणारच. उरलेला एक फोटो मागून काढलेला आहे, तो उघड्यात धरलाय.

१५ फेब्रुवारी, रविवार
मास्तरांनी कोरं कार्ड लावलं. ठिपका नाही, आकडे नाहीत. म्हणाले, कुठे लागतं ते बघायचंच नाही. फक्त नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक खुंट, बघायची. गोळी सुटताना ती कुठे होती, एवढंच मला सांगायचं.

वीस छर्रे. बारापर्यंत मी काहीतरी ठोकून दिलं. माशी उजवीकडे होती, वर होती. मास्तर नुसते मान हलवत होते. त्यांना कळत होतं, मला माहीत आहे.

तेराव्याला ती दिसली. गोळी सुटली, माशी टुणकन उडाली आणि परत येऊन होती तिथे बसली. मी डोळे उघडे ठेवून पाहिलं. इतकी साधी गोष्ट. पण दीड महिना मी ज्या क्षणासाठी धडपडत होतो, त्या क्षणाला मी कधी हजरच नव्हतो. चौदाव्याला पुन्हा दिसली. सतराव्यालाही. मी हसलो असेन, कारण पलीकडून बाईंनी "हं" केलं.

घरी येईपर्यंत कुणाचाही विचार मनात आला नाही. घरी आल्यावर ते लक्षात आलं आणि जरा धास्तावलो.

खरा टर्निंग पॉइंट. आधीचा रद्द. सील मात्र राहू दिलंय. आनंद वेगळा, सुरक्षा वेगळी.

२२ फेब्रुवारी, रविवार
ब्लड प्रेशर उतरलं. डॉक्टरांच्या यंत्रावर माझा विश्वास नाही, म्हणून दोनदा मोजायला लावलं. दुसऱ्यांदा थोडं चढलं.

पलीकडच्या क्लबबरोबर जोडीची मॅच आहे. आपल्याकडून ऑपरेटर बाई आणि त्यांनी निवडलेला जोडीदार. त्यांनी मला निवडलं. मला. क्लबात माझ्याहून बरे सहा जण आहेत. तिथेच मनात कारणांची यादी केली. एक, माझी फजिती करायची. दोन, हरल्यावर खापर फोडायला कुणीतरी हवं. तीन सुचलं नाही.

शेवटी बाईंनाच विचारलं. म्हणाल्या, तुम्ही गोळी सोडल्यावरही बघत राहता. बाकीचे लगेच मान वर करतात. मग म्हणाल्या, उजवा हात थरथरायला लागलाय, डॉक्टर म्हणतात वाढेल, तेव्हा ही शेवटची मॅच. हे सगळं एकाच सुरात सांगितलं.

मॅचला सील चालत नाही. काढावं लागलं. मास्तरांनी स्क्रू दोन खटके फिरवला आणि माझे छर्रे काळ्यात जाऊन बसले. हे महिन्यापूर्वीच झालं असतं, असं मास्तर म्हणाले नाहीत. चेहरा मात्र तसा होता.

१ मार्च, रविवार
सराव. बाईंचा हात आज दोनदा थांबला. त्या बंदूक खाली ठेवतात, बोटं एकदा मुठीत घेतात, पुन्हा उचलतात. घाई नाही. चहा घेताना सहज कळलं. अकरा वर्षं नेमबाजी, जोडीच्या मॅचमध्ये सहा वेळा दुसऱ्या. पहिल्या कधीच नाही. दर वेळी जोडीदार वेगळा.

संकल्प. बाईंना जिंकवायचं. डोळे उघडे. श्वास सोडायचा, ओढायचा नाही. आणि त्या दिवशी कुणावरही संशय घ्यायचा नाही. फक्त लक्ष ठेवायचं.

८ मार्च, रविवार. सकाळी ६
आज मॅच. झोप उत्तम. पंच त्यांच्या क्लबचे, जनावरांचे डॉक्टर. ठीक आहे. मी काही म्हणत नाही. माझ्या डावीकडे, लेन तीनमध्ये, त्यांच्या क्लबची नेमबाज असणार, एक नर्स. काल फोनवर तिने मला शुभेच्छा दिल्या. आपण होऊन. मी काही म्हणत नाही.

८ मार्च. संध्याकाळी
नीट लिहितो.

प्रत्येकाला वीस छर्रे, चार कार्डं, कार्डाला पाच. पहिली तीन कार्डं मी आयुष्यात मारली नव्हती अशी मारली. माशी दर वेळी दिसली. बाईंचा हात एकदाच थांबला. मास्तर मागच्या बाकावर मनगट धरून बसले होते, स्वतःचीच नाडी बघत असल्यासारखे.

चौथं कार्ड. पाचवा छर्रा सोडला. माशी उडाली, जागेवर बसली. शंभर टक्के काळ्यात. छोट्या दुर्बिणीतून पाहिलं तर भोकं चार. पुन्हा मोजली. चार. छर्ऱ्यांची वाटी रिकामी.

छर्रा वाया गेला नव्हता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग भोक कुठे गेलं? नियम असा, की शंका आली तर हात वर करायचा आणि पंचांना बोलवायचं. पण पंच त्यांचे. चोराला जामीन ठेवण्यातला प्रकार. डावीकडे पाहिलं. नर्स नेम धरून उभी होती, जरा जास्तच निरागस. मनात सगळा पट मांडला गेला. छर्रा पोकळ दिला असेल. कार्डात काहीतरी असेल. सहा वेळा बाई दुसऱ्या आल्या, त्या अशाच आल्या असतील.

खिशात माझी स्वतःची डबी होती. त्यातला एक छर्रा काढला, भरला, सोडला. पाच भोकं. मला वाटलं, न्याय झाला.

मग पंच कार्डं तपासायला बसले. प्रत्येक भोकात मोजणीची सळई घालून पाहतात. माझ्या चौथ्या कार्डावर थांबले. भिंग मागितलं. मास्तरांना बोलावलं. एका भोकाची कड आठाच्या आकड्यासारखी होती. एका भोकातून दोन छर्रे गेले होते. माझा पाचवा छर्रा हरवला नव्हता. तो चौथ्याच्याच वाटेने गेला होता.

म्हणजे कार्डावर छर्रे सहा.

पंच माझ्याकडे बघत नव्हते. ते नर्सकडे बघत होते. तिच्या शेवटच्या कार्डावर एक भोक फाटकं होतं, चार छर्रे की पाच, नक्की सांगता येत नव्हतं. शेजारच्या लेनमधला छर्रा चुकून बाजूच्या कार्डावर जातो, होतं असं, पंच म्हणाले. स्वतःच्याच क्लबच्या मुलीला म्हणाले. तसं ठरलं असतं तर तिची गोळी बाद, आणि आम्ही आरामात जिंकलो असतो.

नर्स म्हणाली, नाही, मी माझ्याच कार्डावर मारल्या. पंचांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, मला तरी तसं वाटतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. म्हणाली, आठवडाभर ड्यूटी होती, डोळा लागल्यासारखं झालं होतं एकदा, झालंही असेल.

हे मला ओळखीचं आहे. मी मीटरपाशी उभा राहून एकच प्रश्न तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा लोक असंच म्हणतात, झालंही असेल. मी ते कबुलीजबाब म्हणून लिहून घेतो. सव्वीस वर्षं.

बाई खाली मान घालून बंदूक फडक्यात गुंडाळत होत्या. मध्येच थांबून बोटं मुठीत घेतली.

माझ्याजवळ पूर्ण निवेदन तयार होतं. पोकळ छर्रा, पंचांची निष्पक्षता, सगळं. मी हात वर केला. म्हणालो, "सहावी माझी."

बस, एवढंच बोललो. जास्तीची गोळी बाद, वर दोन गुण दंड. आम्ही एका गुणाने हरलो. दंड नसता तर एका गुणाने जिंकलो असतो.

बाहेर पायऱ्यांवर बाई भेटल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, "मला वाटलं, कार्डालाच आधी भोक असेल, पंच चुकले असतील. तुमचा संशय नाही आला."

लाइन व्यस्त आहे, हे ज्या आवाजात सांगत असतील, त्याच आवाजात. मग त्या बसस्टॉपकडे गेल्या. सातव्यांदा दुसऱ्या.

९ मार्च, सोमवार
कामावर. एका घरी मीटर बंद. विचारलं, हात लावला का. नाही म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं. नाही म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं नाही. मीटर बदलावा, असा शेरा मारून निघालो. मग दिवसभर चुटपुट. लोहचुंबक पलंगाखाली असेल तर?

१५ मार्च, रविवार
लेन पाच रिकामी. बाई आता नुसत्या बघायला येणार म्हणे, पण आज आल्या नाहीत. नर्सचा निरोप आला, मास्तरांकडे. माझे आभार मानलेत. निरोप मी दोनदा वाचून घेतला. त्यात दुसरं काही नव्हतं.

मास्तरांनी माझं चौथं कार्ड फळ्यावर लावलंय. एका भोकात दोन, असं क्लबात तिसऱ्यांदा झालंय म्हणतात. नेम म्हणजे नेम. दंड वगैरे कागदोपत्री गोष्टी. मी जाता येता फळ्यापाशी थोडा थांबलो. एकूण चाळीस मिनिटं. बूट तीनदा बांधला. कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी नवे सभासद येणार आहेत. त्यांना सांगता येईल. शिकवायला लागलं की छंद खोल जातो, असं मास्तर म्हणतात. पुढचा टर्निंग पॉइंट बहुधा तोच.

२२ मार्च, रविवार
नवा सभासद एकच आला. विम्याच्या ऑफिसात दावे तपासतो. चष्मा, पातळ मिशी, बोलण्याआधी जरा थांबतो. मी त्याला फळ्यापाशी नेलं. म्हटलं, हे भोक बघा. यातून दोन छर्रे गेलेत. माझे.

त्याने कार्ड पाहिलं. मग मला पाहिलं. विचारलं, कुणी साक्षीदार होतं का. म्हटलं, पंचांनी सळई घालून पाहिलंय. पंच कुठे असतात? पलीकडच्या क्लबात. अच्छा, म्हणाला. मग विचारलं, पाच गोळ्यांचं कार्ड, भोकं पाच, त्यातल्या एकात दोन म्हणता, तर ही जास्तीची कुठून आली. मी म्हटलं, ती वेगळी गोष्ट आहे. अच्छा, म्हणाला.

मास्तरांना हाक मारली. ते वर चहा सांगायला गेले होते.

त्याने शर्टाच्या खिशातून छोटी पट्टी काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून भोक मोजायला लागला. एकदा आडवं, एकदा उभं. पुन्हा आडवं. मी बाजूला उभा राहिलो. मी मोजत असताना लोक असेच बाजूला उभे असतात. अशा वेळी हात कुठे ठेवायचे असतात, ते मला कळेना.